दुकानाच्या पायऱ्या आधी मोजा, मग तक्रार करा

सांगलीत हरभट रोड, मारुती रोडवर बऱ्याच दुकानांत शिरायचं तर दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात. विचारलं की उत्तर ठरलेलं: पुरासाठी जोतं उंच घेतलंय. २०१९ आणि २०२१ चं पाणी ज्यांनी पाहिलंय, ते याला चूक म्हणणार नाहीत. जोतं उंच असू द्या, पण व्हीलचेअरवरच्या माणसाला आत येता आलंच पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे लोकांची ये-जा असलेली खासगी दुकानं, हॉटेलं, दवाखाने हीसुद्धा सार्वजनिक इमारतच. जुन्या इमारती सुधारायला जून २०१७ मध्ये या अधिनियमाचे नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती; ती जून २०२२ मध्ये संपली.

‘अपंगांची सोय नाही’ एवढ्यावर तक्रार टिकत नाही. पाच मीटरची टेप घेऊन जा. रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंतची उभी उंची घ्या. रॅम्प असेल तर त्याची लांबी तिरकी न धरता जमिनीलगत आडवी मोजा. उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे ४५ सेंटीमीटर जोत्याला ५.४ मीटर लांब रॅम्प लागतो. बहुतेक ठिकाणी दीड मीटरचा पत्रा टेकवलेला दिसतो. त्यावर चढताना खुर्ची मागे कलंडते, उतरताना पायाची पट्टी रस्त्यावर आपटते. असा पत्रा म्हणजे सोय नव्हे, अपघाताला निमंत्रण. दार पूर्ण उघडून, फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत मोकळी जागा ९० सेंटीमीटर भरते का बघा. नुसती चौकट मोजली तर आकडा फुगतो. कठडे दोन्ही बाजूंना, ७६ आणि ९० सेंटीमीटरवर हवेत. फोटोत टेपवरचे आकडे वाचता आले पाहिजेत.

आधी मालकाशी बोला. पाच मीटरचा रॅम्प सरळ पुढे काढला तर तो गटार ओलांडून रस्त्यावर येतो आणि अतिक्रमण म्हणून काढला जातो. तो दर्शनी भिंतीला समांतर वळवता येतो. एकाच जोत्यावर तीन-चार दुकानं असतील तर एका टोकाला सामायिक रॅम्प करणं सगळ्यात स्वस्त पडतं. हे सुचवलं की निम्मे मालक ऐकून तरी घेतात.

नाहीच ऐकलं तर लेखी द्या: दुकानाचं नाव, पत्ता, मापं, फोटो, कोणत्या तारखेला कोण दारातून परत गेलं ते, आणि दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ४५ व ४६ चा उल्लेख. तारीख महत्त्वाची, कारण ‘आमच्याकडे व्हीलचेअरचं गिऱ्हाईकच येत नाही’ हा बचाव नेहमीचा. पंधरा दिवसांची मुदत द्या. तेच पत्र महापालिका आयुक्तांच्या नावे आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसेल तर पुढे कुठेच उभं राहता येत नाही.

इमारत २०१७ नंतरची असेल तर नगररचना विभागाकडे माहिती अधिकारात मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागा. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ४४ नुसार नियम न पाळलेल्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देताच येत नाही. नकाशात रॅम्प आणि जागेवर पायऱ्या, हा सापडला तर सगळ्यात भक्कम पुरावा.

यानंतर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे सगळी कागदपत्रं जोडून तक्रार पाठवा. ते समन्स काढू शकतात, शिफारस करू शकतात. संबंधित यंत्रणेला तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी लागते. दंड मात्र न्यायालय करतं: पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत, पुन्हा उल्लंघन झालं तर ५०,००० ते ५ लाख. त्यामुळे ‘आयुक्त दंड लावतील’ अशी धमकी मालकाला देऊ नका. रॅम्प-दाराच्या मापांबद्दल ‘या फक्त सूचना आहेत’ असं कुणी म्हणालं तर ८ नोव्हेंबर २०२४ चा राजीव रतुरी खटल्याचा निकाल दाखवा. किमान मानकं बंधनकारकच हवीत, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात म्हटलंय.

रॅम्प झाल्यावरही पुन्हा टेप लावा. पॉलिश ग्रॅनाइट बसवला असेल तर पहिल्या पावसात चाक घसरेल. पृष्ठभाग खरबरीतच हवा. तो हाताने तपासून, नवी मापं आणि फोटो कळवल्याशिवाय तक्रार बंद करायला होकार देऊ नका.