गादा बघायचा असेल तर आधी कान द्या

माझं माहेर मालवणजवळच्या देवबागचं. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथूनच भावाची होडी सुटते, आणि दर डिसेंबरात पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन मी तीत बसते. डॉल्फिनला आमच्याकडे गादा म्हणतात. किनाऱ्यालगत दिसतो तो बहुतेक हंपबॅक डॉल्फिन. रंग करडा, तोंड लांबट, आणि पाठीवर बैलासारखं वशिंड. त्या वशिंडावरच छोटा पर (फिन) असतो.

सकाळी सातला होडीत असा. तेव्हा वारा पडलेला असतो आणि पाणी तेल ओतल्यासारखं सपाट असतं. ऊन पाठीशी असतं, त्यामुळे पश्चिमेकडे बघताना डोळे दिपत नाहीत. दहा-अकरानंतर खारा वारा सुटला आणि लाटांची डोकी पांढरी फुटू लागली, की त्यात पर शोधणं फार अवघड. जून ते ऑगस्ट तर हा विषयच काढू नका.

फार लांब जायची गरज नाही. हा प्राणी उथळ पाण्यातला, खाडीच्या मुखाशी बोय आणि तारली खायला येतो. सुरय पक्षी एका जागी घिरट्या घालून पाण्यात सूर मारत असतील, तर खाली मासळीचा थवा आहे असं समजा आणि तिथे नजर ठेवा.

बघायचं कसं? एका ठिकाणी टक लावू नका. डावीकडून उजवीकडे पाण्याचे पट्टे पाडल्यासारखी नजर सावकाश फिरवा. लाट आपल्या रांगेबरोबर पुढे सरकते. गादा मात्र आधी तोंड बाहेर काढतो, मग पाठ चाकासारखी वळवून खाली जातो. दुर्बीण घ्यायची तर आठपट पुरे, दहापटीची होडीत फार हलते. पण माझा भाऊ म्हणतो तेच खरं, "आधी आयक, मगे बघ." मशीन बंद केलं, की मागून कुठून तरी "फुस्स" असा श्वास येतो. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा गादा होडीपासून दोन वल्ह्यांवर होता. पाठीवरून पाणी ओघळत होतं आणि नाकपुडी मिटताना स्पष्ट दिसली.

शेपूट वर उचलून गेला तर तो खोल गेला. तीन-चार मिनिटं शांत बसा आणि सगळीकडे बघा, कारण तो त्याच जागी वर येईलच असं नाही. परच नसलेली, बोथट डोक्याची गुळगुळीत पाठ क्षणभर दिसून नाहीशी झाली, तर ती फिनलेस पॉरपॉइज, डॉल्फिनचीच नातलग. ती लाजाळू असते, उड्या मारत नाही. तिला बघितलंत तर खरंच नशीब समजा.

होडीत पाय ठेवण्याआधी होडी चालवणाऱ्या तांडेलदादांना सांगा, "जवळ गेलो नाही तरी चालेल, मशीन बंद ठेवा." हे मी कळकळीने सांगते आहे. एकदा पाच होड्यांनी एका मादीला आणि तिच्या पिल्लाला घेरलेलं मी पाहिलं. "अजून जवळ घ्या" असं ओरडत होते ते प्रवासीच. पिल्लू आईच्या कुशीला चिकटलं होतं, आणि ती श्वास पुरता न घेताच पुन्हा पुन्हा खाली जात होती. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये हा प्राणी पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच रांगेत. निदान पन्नास मीटर लांब राहा. पुढून आडवे जाऊ नका, बाजूने समांतर चला. तो स्वतः जवळ आला तर येऊ दे. खायला काही टाकू नका. मेलेला किंवा किनाऱ्याला लागलेला दिसला तर वनविभागाला कळवा.

परतल्यावर तारीख, वेळ, किती होते, पिल्लू होतं का, एवढं लिहून ठेवा. पराच्या कडेला प्रत्येकाच्या वेगळ्या खाचा असतात. फोटो स्पष्ट आला तर पुढच्या वर्षी तोच गादा ओळखता येतो. आमच्या वहीत टोक तुटलेल्या पराचा एक गादा तीनदा आलाय, तिन्ही वेळा खाडीच्या मुखाशी, ओहोटी लागल्यावर.