प्रोग्रॅम अडकलाय, की कामात आहे?

‘सॉफ्टवेअर स्लो झालंय’ ही तक्रार मी गेली सोळा वर्षं ऐकतेय, आणि नुसत्या त्या वाक्यावरून मला आजवर एकही बग सापडलेला नाही. म्हणून आधी चार प्रश्न विचारते. नेमकं काय दाबल्यावर? किती सेकंद? पहिल्यांदाच की दर वेळी? प्रोग्रॅम नुकताच सुरू केलाय की सकाळपासून चालू आहे?

उत्तरं आली की दिशा बरीचशी ठरते. पहिल्यांदाच हळू आणि नंतर झटपट असेल, तर डिस्कवरून काहीतरी पहिल्यांदा वर येतंय. सकाळी ठीक आणि संध्याकाळी मंद असेल, तर काहीतरी साठत चाललंय. आणि दर वेळी, फाइल लहान असो वा मोठी, तेवढेच सेकंद लागत असतील, तर तो बहुतेक टाइमआउट असतो. काम करणारा कोड डेटाप्रमाणे कमी-जास्त वेळ घेतो. घड्याळ लावल्यासारखा वेळ लागतोय म्हणजे प्रोग्रॅम कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत बसलाय.

हा धडा मला ‘फाइल’ मेनूने शिकवला. एका वापरकर्त्याच्या मशीनवर तो मेनू उघडायला वीसेक सेकंद लागायचे. मेनू! त्यात मोजून दहा-बारा ओळी. माझ्याकडे तो क्षणात उघडत होता, टीममध्ये सगळ्यांकडे उघडत होता. ‘मशीन जुनं असेल’ असं म्हणून आम्ही दोन आठवडे काढले, त्याची मला अजून लाज वाटते. शेवटी स्क्रीन शेअर करून त्यांना मेनूवर क्लिक करायला लावलं आणि प्रोग्रॅम अडकलेला असतानाच टास्क मॅनेजरमधून त्याची डंप फाइल (त्या क्षणीच्या मेमरीची नक्कल) घेतली. ती डीबगरमध्ये (प्रोग्रॅमच्या आत डोकावायच्या साधनात) उघडून मुख्य थ्रेडचा, म्हणजे खिडकी सांभाळणाऱ्या धाग्याचा, कॉल स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं त्याची उतरंड) खालून वर वाचला: मेसेज लूप (खिडकीला आलेले निरोप उचलणारा), मेनू उघडल्याचा इव्हेंट, ‘अलीकडच्या फाइल्स’ची यादी भरणारं माझं फंक्शन, त्याच्यावर ‘ही फाइल अस्तित्वात आहे का?’ हा साधा कॉल आणि त्याच्यावर विंडोज. जी फाइल सापडणार नाही तिचं नाव फिकट दाखवावं, म्हणून मीच कधीतरी हौसेने लिहिलेली ती ओळ होती. यादीतली एक फाइल अशा सर्व्हरवर होती जो बंद करून टाकलेला होता. विंडोज इमानदारीत त्याला हाका मारत होतं आणि उत्तर येत नाही म्हटल्यावर थकून परत येत होतं. इलाज म्हणून ती तपासणीच काढून टाकली. फाइल आहे की नाही ते वापरकर्त्याने नावावर क्लिक केल्यावर बघायचं, तेही मुख्य थ्रेडवर नाही.

तेव्हापासून माझं पहिलं पाऊल ठरलेलं आहे: प्रोग्रॅम अडकलेला असतानाच थांबवायचा. व्हिज्युअल स्टुडिओत ‘ब्रेक ऑल’, जीडीबी या डीबगरमध्ये कंट्रोल-सी, मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमधलं ‘सॅम्पल’. मुख्य थ्रेडचा स्टॅक बघा, पुन्हा चालू करा, पुन्हा थांबवा. असं पाच-सहा वेळा करा. सहापैकी चार वेळा तेच फंक्शन दिसलं, तर आणखी पुरावा शोधत बसू नका. सॅम्पलिंग प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) हेच करतो, फक्त सेकंदाला शेकडो वेळा करतो.

प्रोफायलर लावायच्या आधी एक गोष्ट बघून घ्या, नाहीतर दिवस वाया जातो: सीपीयू. अडकलेला असताना प्रोग्रॅमचा सीपीयू शून्याजवळ असेल, तर तो वाट बघतोय: डिस्कची, नेटवर्कची, डेटाबेसची, नाहीतर दुसऱ्या थ्रेडने धरून ठेवलेल्या लॉकची (एका वेळी एकालाच आत जाऊ देणाऱ्या कुलपाची). अशा वेळी साधा सीपीयू प्रोफायलर तुम्हाला काहीच दाखवणार नाही, कारण झोपलेल्या थ्रेडचे नमुने तो घेतच नाही. पर्फव्ह्यू या विंडोजवरच्या प्रोफायलरमध्ये ‘थ्रेड टाइम’ घ्या, किंवा सरळ वर सांगितलेली थांबवाथांबवी करा. आणि टास्क मॅनेजरच्या आकड्याला फसू नका. ८ लॉजिकल कोअरच्या मशीनवर एक थ्रेड जीव तोडून पळत असेल, तरी तिथे १२-१३ टक्केच दिसतात. १६ कोअर असतील तर सहाच. ‘सीपीयू तर रिकामा आहे’ असं म्हणत लोक डेटाबेसच्या मागे लागतात आणि इकडे एक लूप कोअर जाळत बसलेला असतो.

आता मुख्य थ्रेडबद्दल. खिडकी रंगवणं, माऊसचे क्लिक घेणं, कीबोर्ड ऐकणं, सगळं हा एकटा करतो. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. विंडोजमध्ये एखादी खिडकी ५ सेकंद मेसेज घ्यायला फिरकलीच नाही, तर सिस्टिम तिला ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ठरवते आणि तिच्या जागी पांढुरकी झालेली नक्कल दाखवते. वापरकर्त्याच्या दृष्टीने प्रोग्रॅम तिथेच मेला. मग तो टास्क मॅनेजर उघडून त्याला खरंच मारतो, आणि अर्धवट लिहिलेली फाइल तुमच्या गळ्यात येते.

जड काम बॅकग्राउंड थ्रेडवर न्या, हे सगळेच सांगतात. त्यानंतर जे खड्डे लागतात ते सहसा कुणी सांगत नाही. पहिला प्रोग्रेस बारचा. एक लाख ओळी आयात करायच्या होत्या. काम बॅकग्राउंडला नेलं आणि प्रत्येक ओळीला ‘एक झाली’ असा निरोप मुख्य थ्रेडकडे पाठवला. खिडकी पहिल्याइतकीच गोठली! मुख्य थ्रेड आता एक लाख निरोप वाचण्यात बुडाला होता. निरोप ओळीमागे देऊ नका, वेळेमागे द्या. १०० मिलिसेकंदांतून एकदा पुष्कळ झालं, प्रोग्रेस बारला त्याहून जास्त लागतही नाही.

दुसरा खड्डा म्हणजे ‘डू-इव्हेंट्स’ किंवा क्यूटी या खिडक्या बनवायच्या लायब्ररीतलं ‘प्रोसेस-इव्हेंट्स’: साचलेले क्लिक आणि निरोप आत्ताच हाताळ, असा हुकूम. लांबलचक लूपच्या मध्ये ही एक ओळ टाकली की खिडकी जिवंत होते, आणि डेडलाइनच्या आदल्या रात्री मोह होतोच. पण खिडकी जिवंत होते म्हणजे बटणंही जिवंत होतात. माझ्या लूपच्या पोटात वापरकर्त्याने ‘सेव्ह’ पुन्हा दाबलं, तेच फंक्शन स्वतःच्याच आत दुसऱ्यांदा सुरू झालं आणि एकच नोंद दोनदा लिहिली गेली. ती दुरुस्त करायला आधीच्या हँगपेक्षा जास्त वेळ लागला. वापरायचंच असेल तर आधी बटणं बंद करा. खरं तर वापरूच नका.

तिसरा जरा फसवा आहे, कारण तो स्लोपणाच्या नाही, ‘कधीकधी चुकीचं दिसतं’ या नावाने येतो. सर्चच्या चौकटीत प्रत्येक अक्षराला क्वेरी (शोधाची विनंती) जाते. ‘क’ टाइप केलं, क्वेरी गेली. ‘कम’ झालं, दुसरी गेली. ‘क’ची उत्तरं हजारो, म्हणून ती उशिरा आली, ‘कम’ची थोडी, म्हणून लवकर. परिणाम असा की चौकटीत ‘कम’ आणि खाली यादी ‘क’ची. डीबगरमध्ये एकेक पाऊल टाकत गेलात तर हे कधीच दिसत नाही, कारण तुम्ही थांबता तेवढ्यात सगळं आपसूक ओळीत येतं. इथे ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम ठरावीक ओळीवर थांबवायची खूण) नको, लॉग (घटनांची नोंदवही) हवा: प्रत्येक विनंतीला क्रमांक, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ आणि थ्रेडचा नंबर. इलाज दोन भागांचा. टाइप करणं थांबल्यावर २५०-३०० मिलिसेकंदांनी क्वेरी पाठवा, आणि उत्तर आल्यावर त्याचा क्रमांक शेवटच्या विनंतीचाच आहे का ते बघा. नसेल तर फेकून द्या. नुसतं पहिलं केलंत तर बग दुर्मीळ होतो, जात नाही. आणि दुर्मीळ बग जास्त छळतो.

ग्रिड आणि याद्यांचं थोडक्यात. चाळीस हजार ओळींची यादी म्हणजे चाळीस हजार कंट्रोल (पडद्यावरचे घटक) नव्हेत. दिसणाऱ्या तीस-चाळीसच बनायला हव्यात. डब्ल्यूपीएफ या मायक्रोसॉफ्टच्या खिडक्या बनवायच्या लायब्ररीतली लिस्ट हे स्वतःहून करते, पण तिला ‘स्टॅक पॅनेल’मध्ये किंवा बाहेरच्या ‘स्क्रोल व्ह्यूअर’मध्ये ठेवलंत की तिला अमर्याद उंची मिळाल्यासारखं वाटतं आणि ती सगळ्या ओळी बनवायला घेते. विनफॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्याच जुन्या लायब्ररीच्या ग्रिडमध्ये कॉलमची रुंदी ‘ऑल सेल्स’वर ठेवली, तर रुंदी ठरवायला प्रत्येक ओळ मोजली जाते. ती ‘डिस्प्लेड सेल्स’वर आणा. एवढंच करून मिटलेल्या तक्रारी मी पाहिल्यात.

एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा डेटाबेस वापरत असाल आणि ओळी भरायला युगं लागत असतील, तर सगळ्या इन्सर्टना एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं एकदम होणाऱ्या गठ्ठ्यात) बांधा. नाही बांधल्या तर प्रत्येक ओळीमागे डेटा डिस्कवर खरोखर पोहोचल्याची खात्री केली जाते. ७,२०० आरपीएमच्या फिरत्या डिस्कवर सेकंदाला साधारण ६० ट्रान्झॅक्शनच होतात. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये सेकंदाला ५०,००० इन्सर्टही जातात. हा फरक आपल्या एसएसडीवर, दोनशे ओळींच्या टेस्ट डेटात झाकला जातो. म्हणून माझ्याकडे मुद्दाम फुगवलेला एक डेटाबेस कायम असतो आणि रोजचं काम मी त्याच्यावरच करते. सुरुवातीला चिडचिड होते, पण वापरकर्त्याच्या आधी चिडणं हेच तर आपलं काम.

आता संध्याकाळी मंद होणाऱ्या प्रोग्रॅमकडे या. टास्क मॅनेजरच्या ‘डीटेल्स’मध्ये कॉलमच्या मथळ्यावर उजवं क्लिक करून ‘हँडल्स’, ‘यूजर ऑब्जेक्ट्स’ आणि ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ (रंगवायला लागणारी चित्रं, फॉन्ट वगैरे) हे कॉलम लावा. प्रोग्रॅमने विंडोजकडून काय किती घेतलंय ते त्यांत दिसतं. मग संशय असलेली खिडकी वीस वेळा उघडा-बंद करा. आकडा थोडा वर जाऊन स्थिरावला तर ठीक. दर वेळी चढतच राहिला तर गळती, म्हणजे घेतलेलं परत न देणं, सापडली. जीडीआय ऑब्जेक्ट्सची मर्यादा एका प्रोसेसला मुळात १०,००० असते. तिथे पोहोचल्यावर आयकॉन गायब होतात, बटणं काळी किंवा पांढरी पडतात, मजकूर भलत्याच फॉन्टमध्ये उमटतो. लोक ग्राफिक्स ड्रायव्हरला शिव्या देतात. आमच्या बाबतीत छोट्या चित्रांसाठी ‘गेट-एच-बिटमॅप’ बोलावलं होतं आणि त्याच्या जोडीचं ‘डिलीट-ऑब्जेक्ट’ विसरलो होतो. एका चित्रामागे एक हँडल. सकाळी नऊला हसतखेळत सुरू झालेला प्रोग्रॅम दुपारी चारला काळा पडायचा.

दुसरी नेहमीची गळती इव्हेंटची. खिडकीने दीर्घायुषी ऑब्जेक्टच्या इव्हेंटवर (‘डेटा बदलला’सारख्या खबरीवर) नाव नोंदवलं आणि बंद होताना काढलं नाही. खिडकी पडद्यावरून गेली, पण मेमरीतून गेली नाही, आणि डेटा बदलला की तीही निमूटपणे स्वतःला रिफ्रेश करते. ओळखायची सोपी युक्ती आहे: रिफ्रेशच्या फंक्शनमध्ये लॉगची एक ओळ टाका. खिडकी दहा वेळा उघडून बंद करा आणि अकराव्यांदा उघडी ठेवा. एका बदलाला ती ओळ अकरा वेळा उमटली, तर दहा भुतं मागे राहिलीत.

चित्र फाटणं, लुकलुकणं, अर्धी खिडकी न रंगणं यांत आधी ठरवायचं की दोष आपला की ग्राफिक्स कार्डाचा. तात्पुरतं सॉफ्टवेअर रेंडरिंग (ग्राफिक्स कार्डाऐवजी सीपीयूने रंगवणं) चालू करा. डब्ल्यूपीएफ, क्यूटी, इलेक्ट्रॉन सगळ्यांत तशी सोय आहे. दोष गेला तर ड्रायव्हरचा संशय बळावतो, राहिला तर आपलाच. लुकलुकणं बहुतेक वेळा आधी पार्श्वभूमी पुसून मग वर रंगवल्याने होतं. डबल बफरिंगने (चित्र मेमरीत पूर्ण रंगवून मग एकदम पडद्यावर आणण्याने) जातं. आणि ‘घरच्या मॉनिटरवर अक्षरं धूसर दिसतात’ असं कुणी म्हणालं, तर दोन मॉनिटरची स्केलिंग वेगवेगळी आहे का ते विचारा, एक १०० टक्के आणि दुसरा १५०. ड्रायव्हर बदलायला नंतर सांगा.

मोजमाप कायम रिलीज बिल्डवर (वापरकर्त्याला द्यायच्या आवृत्तीवर), आणि डीबगर न लावता सुरू करून. सी++ मध्ये डीबग बिल्डचे (चुका शोधायला बनवलेल्या आवृत्तीचे) इटरेटर, म्हणजे यादीतून एकेक पुढे सरकणारे, प्रत्येक पावलाला तपासणी करतात, ते आकडे कशाचेच नसतात. अट घातलेला ब्रेकपॉइंट सतत फिरणाऱ्या लूपमध्ये विसरलात, तर दर फेरीला प्रोग्रॅम थांबतो, अट तपासली जाते आणि मग पुढे जातो. अख्खी दुपार मी अशा एका ब्रेकपॉइंटलाच ‘बग’ समजून शोधलं आहे.

मागच्या महिन्यापर्यंत ठीक होतं अशी खात्री असेल, तर कोड वाचत बसण्याऐवजी गिट बायसेक्ट (कोडचा इतिहास अर्ध्या-अर्ध्याने छाटत शोधणारी सोय) लावा. हजार कमिटमधून (नोंदवलेल्या बदलांमधून) दहा पावलांत नेमकी कमिट हाती येते. त्यासाठी ‘ठीक’ आणि ‘बिघडलेलं’ यांतली सीमा आधी आकड्यात लिहा, उदाहरणार्थ ‘फाइल उघडायला २ सेकंदांच्या वर म्हणजे बिघडलेलं’. अंदाजाने एका पावलाला चुकीचं उत्तर दिलंत तर बायसेक्ट तुम्हाला मोठ्या आत्मविश्वासाने निरपराध कमिटपाशी नेऊन सोडतो.

आणि प्रत्येक रिलीजच्या सिम्बॉल फाइल्स (मेमरीतला पत्ता कुठल्या फंक्शनचा ते सांगणाऱ्या) त्या बिल्डच्या नंबरासकट जपून ठेवा. मेनूवाल्या प्रकरणात डंप हातात आला तेव्हा ती आवृत्ती आठ महिने जुनी होती. तिची सिम्बॉल फाइल (पीडीबी) एका सहकाऱ्याच्या डेस्कटॉपवर ‘नंतर डिलीट करणे’ नावाच्या फोल्डरात पडून होती, म्हणून स्टॅकमध्ये फंक्शनची नावं दिसली. नाहीतर पत्त्यांची नुसती रांग दिसली असती.