नोकरी अचानक गेली, तर दुसरी वाट कशी उभी करावी

कामावरून कमी केल्याचे कळताच बहुतेक जण त्याच संध्याकाळी ओळखीच्या कंपन्यांत बायोडाटा पाठवू लागतात. मला ही घाई योग्य वाटत नाही. पहिला आठवडा कागदपत्रांसाठी राखून ठेवावा, कारण पुढील काही महिने घर त्या कागदांतून मिळणाऱ्या पैशावरच चालणार असते. येथे उदाहरण म्हणून पुण्याजवळच्या चाकण-भोसरी औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम करणारा माणूस डोळ्यासमोर ठेवला आहे.

‘राजीनामा लिहून द्या, म्हणजे पुढे अडचण येणार नाही’ असे सांगितले गेले, तर लगेच सही करू नये. कायद्याच्या व्याख्येनुसार ‘कामगार’ असलेल्या आणि वर्षभर सलग सेवा झालेल्या व्यक्तीची कपात करताना किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. आपणहून राजीनामा दिल्याचे कागदोपत्री नोंदले गेले, की या भरपाईवरचा हक्क सांगणे कठीण होते. व्यवस्थापकीय पदावरील व्यक्तीने मात्र आपल्या नियुक्तिपत्रातील नोटीसीचे कलम आधी वाचावे.

सेवा पाच वर्षांची झाली असल्यास ग्रॅच्युइटीचा, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी सुटताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा, हिशेब स्वतः करून पाहावा. त्यासाठी धरले जाणारे शेवटचे मासिक वेतन 26,000 रुपये असेल, तर त्याला 26 ने भागून 15 ने गुणल्यावर दर वर्षामागे 15,000 रुपये होतात. सहा महिन्यांहून अधिकचा उरलेला काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्यामुळे 8 वर्षे 7 महिन्यांच्या सेवेला 1,35,000 रुपये मिळायला हवेत. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) लागू असलेल्यांनी त्याच्या शाखा कार्यालयात, नोकरी गेल्यावर काही काळ रोख मदत देणाऱ्या अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करावी. ही योजना मुदतवाढीवर चालत आली आहे, म्हणून ती सध्या सुरू असल्याची खात्री तेथेच करून घ्यावी. भविष्यनिर्वाह निधीला शक्यतो हात लावू नये; विशेषतः निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षांची सेवा भरत आली असेल, तर निवृत्तिवेतनाचा हिस्सा काढून घेणे फार महागात पडते. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, म्हणून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज शेवटच्या दिवसाआधी द्यावा.

यानंतर खरे काम सुरू होते. एका वहीत आपले पद लिहू नये, तर आपण सोडवलेल्या अडचणी लिहाव्यात: कोणत्या भागाचे रिजेक्शन (तपासणीत नाकारल्या जाणाऱ्या नगांचे प्रमाण) कशामुळे वाढले होते, कारण कसे सापडले, ग्राहकाच्या ऑडिटमधील कोणत्या त्रुटी आपण बंद केल्या. ‘सीनियर क्वालिटी इंजिनिअर’ एवढे लिहिले, की शोध त्याच पदाच्या रिकाम्या जागांपुरता मर्यादित राहतो. उलट ही यादी समोर असली, की दहा-वीस माणसांच्या छोट्या वर्कशॉपना नेमके याच कामासाठी माणूस हवा असतो हे ध्यानात येते. मोठे ग्राहक त्यांच्याकडे आयएटीएफ 16949 (वाहन उद्योगातील गुणवत्तेचे मानक) किंवा निदान आयएसओ 9001 (गुणवत्तेचे सर्वसाधारण मानक) प्रमाणपत्र, एफएमईए (काय बिघडू शकते याचा आधीच केलेला अभ्यास) आणि पीपीएपीची (उत्पादनाआधी भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची) कागदपत्रे मागतात, आणि पूर्णवेळ गुणवत्ता अभियंता ठेवणे त्यांना परवडत नाही. महिन्यातून काही दिवस येणारा जाणकार मात्र त्यांना परवडतो, आणि अशी चार-पाच वर्कशॉप मिळाली, तर जुन्या पगाराच्या पुढे जाता येते. एका कारखान्यात एकाच प्रकारचा भाग तपासत राहिलेल्या माणसाला येथे कास्टिंग (ओतकाम), मशिनिंग (यंत्रावर कापून आकार देणे) आणि प्लेटिंग (धातूचा मुलामा) अशा अनेक प्रक्रिया जवळून पाहायला मिळतात. माझ्या मते पैशापेक्षा हा लाभ मोठा आहे.

सुरुवात एका वर्कशॉपमधील एका भागाच्या एकाच अडचणीपासून करावी. काम काय, मुदत किती आणि मोबदला किती हे एका पानावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. ओळखीखातर फुकट काम करू नये, कारण फुकट मिळालेला सल्ला मशीनवरच्या माणसापर्यंत क्वचितच पोहोचतो. आधीचे आणि नंतरचे रिजेक्शनचे आकडे वर्कशॉपच्या एकाच रजिस्टरमधून घ्यावेत. पुढचे काम मागताना, मालकाची परवानगी असल्यास, हाच पुरावा दाखवता येतो. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते, तर सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. दर ठरवणे, वसुली, हिशेब यांची सवय नसलेल्यांनी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राच्या प्रशिक्षणांची माहिती घ्यावी.

हातातील रकमेतून घरखर्च आणि कर्जाचे हप्ते किती महिने भागतील ते मोजून, त्यातील शेवटचे दोन महिने बाजूला ठेवून निर्णयाची तारीख घरच्यांसमक्ष ठरवावी. तोपर्यंत नियमित पैसे देणारे निदान दोन ग्राहक जोडले गेले नाहीत, तर नोकरीचे अर्ज सुरू करावेत आणि मिळालेले छोटे काम सुट्टीच्या दिवशी करता येईल का, हे नव्या कंपनीच्या अटी वाचून ठरवावे. जुन्या कंपनीची ड्रॉइंग, ग्राहकांच्या याद्या किंवा तपासणीच्या फाइली कोणत्याही कारणाने सोबत नेऊ नयेत. कंपनीचा लॅपटॉप परत करताना पोच घ्यावी आणि अनुभवपत्रात प्रत्यक्ष केलेल्या कामाचा उल्लेख करून मागावा.