दिवाळीनंतरची तोड: ओंडके ओढायला जुना ट्रॅक्टर घेताय तर आधी हे बघा

भातं झोडून झाली की आपल्याकडे कोकणात वरकस जागेतल्या सागाच्या, आकाशियाच्या तोडीची बोलणी सुरू होतात आणि दरवर्षी तोच घोळ, उभ्या झाडाचा भाव वेगळा आणि रस्त्याला आणून लावलेल्या ओंडक्याचा भाव वेगळा, मधले पैसे ओढून आणणाऱ्याचे. खांद्यावर ओंडका घेणारे गडी गावात उरले नाहीत, बैलजोडी शोधावी लागते, म्हणून बरेच जण म्हणतायत एखादा जुना ट्रॅक्टरच घेऊन टाकू. घ्या, पण एचपी बघून घेऊ नका. लाकूड ओढताना कामाला येतं ते गाडीचं वजन, ब्रेक, आणि साखळी नेमकी कुठे बांधली ते.

युट्यूबवर अमेरिका-कॅनडातले स्किडर, म्हणजे रानातून ओंडके ओढणारी मशीनं, बघून काही जण तसलंच मशीन शोधत बसतात, ते कमरेत वळणारं, चारही चाकं मोठी आणि मागे विंच, म्हणजे तार गुंडाळून ओढणारं यंत्र. तिकडे घरच्या रानासाठी जॉन डिअर 440 सारखी जुनी छोटी मॉडेलं लोक घेतात, पण इकडच्या जुन्या बाजारात ती येत नाहीत आणि आली तरी आपल्या पाणंदीत दोन गडग्यांच्या मधून ती वळणार कशी. त्या मशीनमधली अक्कल तेवढी घ्यायची: गाडी घट्ट जागी उभी, तार लाकडापर्यंत नेलेली, आणि ओढताना ओंडक्याचं पुढचं तोंड थोडं उचललेलं.

आता हिशोब बघा. 3 फूट घेर, 10 फूट लांब असा ओंडका धरा. व्यापारी घेराचा चौथा भाग घेऊन मोजतो, म्हणजे साडेपाच घनफूटच्या वर काही लावत नाही, पण खरं लाकूड त्यात 7 घनफूट असतं आणि ओलं लाकूड घनफुटाला 25 ते 30 किलो धरलं तर एक ओंडका जवळपास 200 किलो. भाव त्याच्या मापाने मिळतो, ओढायचं मात्र खरं वजन! असे तीन एकत्र बांधले की 600 किलो, जमिनीवरून फरफटवायला सपाटीलाच साडेतीनशे किलोच्या आसपास जोर लागतो. 35-40 एचपीची टू व्हील गाडी दोन टनाच्या आतबाहेर असते, मागच्या चाकांवर सव्वा टन वगैरे भार, सुक्या मातीत ती सहा-सातशे किलो ओढेल. म्हणजे सपाटीला झकास. पण पाच फुटाला एक फूट चढ आला की त्यातले 400 किलो गाडीचं स्वतःचं अंग वर चढवण्यातच जातात आणि लाकडाला चढाचा आणखी सव्वाशे किलो जोर लागतो, मग चाकं जागेवर फिरतात आणि लोक म्हणतात इंजिनात दम नाही. इंजिनात दम आहे हो, पकड नाही.

म्हणून ज्यांची जागा उताराची आहे त्यांनी मोठी गाडी घेण्यापेक्षा पीटीओ (मागचा, अवजारं फिरवणारा दांडा) धड असलेली मध्यम गाडी आणि तिच्यामागे विंच, हा विचार करावा. विंच मिळत नसेल किंवा बजेट नसेल तर टिरफोर म्हणजे हाताने चालवायची विंच घ्या, दांडा मारायचा, हळू चालतं पण घळीतला ओंडका बिनबोभाट वर येतो, आणि एखादी कप्पी सोबत ठेवा म्हणजे दिशा बदलता येते. 18-24 एचपीच्या फोर व्हील मिनी गाड्या बागेतून फिरायला, आंब्याच्या फवारणीला मस्त, पण वजन पाऊण-एक टन, त्यामुळे एकावेळी एकच ओंडका न्यायचा. माझ्या मते चार-पाच एकर आणि आकाशियासारखा माल असेल तर तेवढं पुरतं.

गाडी बघायला जाताना आदल्या दिवशी फोन करून सांगा, "काका, सकाळी चालू करू नका, मी आलो की करू." गेल्यावर आधी इंजिनाला हात लावा, गरम लागलं तर समजून जा. थंड गाडी चालू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडून बघा, भसभस धूर आला तर रिंगा गेल्यात. कोकणातल्या गाड्या बहुतेक चिखलणी केलेल्या असतात, केज व्हील लावून अर्धी चाकं पाण्यात, तेव्हा मागच्या अॅक्सलच्या सीलमधून पाणी आत जातं. ड्रेन प्लग थोडा सैल करून ऑइल बोटावर घ्या, दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर भाव निम्मा करा नाहीतर सोडून द्या. अवरमीटरवर विश्वास नको, क्लचच्या पॅडलचा रबर आणि पायाखालचा पत्रा किती झिजलाय ते बघा. अवजार उचलणाऱ्या लिफ्टला वजन लावून वर उचला, इंजिन बंद करा आणि चहा पिऊन या, खाली आलेली दिसली तर हायड्रॉलिकचं काम निघणार. दोन्ही ब्रेक वेगवेगळे आणि कडीने जोडून असे उतारावर तपासा. ऑइल ब्रेक असतील तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही, ड्राय ब्रेक चिखलात लवकर जातात.

साखळी कुठे बांधायची हे मात्र नीट ऐका. ओढ नेहमी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागे खाली असलेल्या ओढायच्या पट्टीलाच. टॉप लिंकला (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला) किंवा अॅक्सलच्या वर कुठेही साखळी अडकवली आणि ओंडका मुळाला अडला तर पुढची चाकं उचलतात आणि एक-दीड सेकंदात गाडी मागे उलटून चालकाच्या अंगावर येते, क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. जुन्या गाड्यांना डोक्यावरची पाइपची फ्रेम नसते, ती चांगल्या कंपनीची बसवून घ्या आणि बेल्ट लावा. ओढ चालू असताना तारेच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, तार ओलांडायची नाही, तुटलेल्या धाग्यांची तार भंगारात. खालून डिझेल फिल्टर आणि ऑइलच्या चेंबरला एमएसची (साध्या लोखंडाची) जाड प्लेट, रेडिएटरपुढे जाळी, हे फॅब्रिकेशनवाल्याकडून पहिल्याच आठवड्यात करून घ्या.

कागदाचं थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, नावावर करायला फॉर्म 29 आणि 30. आणि झाड स्वतःच्या सातबाऱ्यातलं असलं तरी साग, ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस अशा झाडांना 1964 च्या कायद्याप्रमाणे तोडीची परवानगी लागते, वर माल रस्त्यावर आणायला वाहतूक पास. आकाशियाचं तुमच्या तालुक्यात काय चालतं ते वनखात्याच्या ऑफिसात आधीच विचारा, माल ट्रॉलीत भरल्यावर नको.

दिवाळी झाली म्हणून लगेच ओढायला जाऊ नका, भाताचे कुणगे आतून ओले असतात, मेरा (बांध) फुटतात आणि चाकाने दाबलेली जमीन पुढच्या लावणीला त्रास देते. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा बरा. कलमांच्या बागेतून वाट काढायची तर मोहोर यायच्या आत उरका, खोडांना घासणार नाही अशी वाट आधी चुन्याने आखून ठेवा. मार्चनंतर गवत वाळलेलं असतं, तेव्हा सायलेन्सरवरचा पालापाचोळा रोज झाडायचा आणि पाण्याचे दोन कॅन गाडीवर ठेवायचे.