हँग्ड मॅनचं कार्ड वाचताना या चुका टाळा

"ताई, फाशीचं कार्ड निघालंय हो. आता काय करू?"

माझ्याकडे टॅरो, म्हणजे भविष्य बघायचे चित्रांचे पत्ते, शिकायला येणाऱ्या एका मुलीचा रात्री अकराला फोन आला. दुसऱ्या दिवशी तिच्या आईचं ऑपरेशन होतं. घाबरून तिने स्वतःच डेक, म्हणजे पत्त्यांचा संच, काढला, एक कार्ड ओढलं आणि त्यावरचं 'हँग्ड मॅन' हे नाव वाचून रडायला लागली. ऑपरेशनबद्दल विचारायचं ते डॉक्टरांना, हे तिला आधी सांगितलं. मग म्हटलं, कार्ड हातात घे आणि दोर कुठे बांधलाय ते मला सांग.

दोर पायाला आहे. फाशी म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकाने आधी हे बघावं. इंग्रजीत 'हँग्ड' म्हटलं की फाशी गेलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. आपण 'उलटं टांगून मारीन' आणि 'जीव टांगणीला लागला' हे ऐकत वाढलेले, त्यामुळे चित्र बघायच्या आधीच छातीत धस्स होतं. चित्रात मात्र गळा मोकळा आहे. माणूस उजव्या पायाने टांगलाय, डावा पाय गुडघ्यात मुडपून मागे घेतलाय, हात पाठीमागे आहेत, डोक्याभोवती तेजोवलय आहे आणि चेहऱ्यावर वेदनेची एक रेघ नाही. ज्या टी आकाराच्या लाकडाला तो टांगलाय, त्याला हिरवी पानं फुटलीत. हे चित्र पामेला कोलमन स्मिथ यांनी १९०९ साली आर्थर एडवर्ड वेट यांच्या डेकसाठी काढलं; त्यालाच रायडर-वेट डेक म्हणतात. लाकूड जिवंत आहे आणि चेहऱ्यावर यातना नसून खोल तंद्री आहे, असं वेट यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यांच्या लेखी इथे आयुष्य थांबलेलं आहे, संपलेलं नाही.

जुन्या डेकचे अर्थ या डेकवर चिकटवणं ही दुसरी चूक, आणि ती अभ्यास करणाऱ्यांकडून जास्त होते. जुन्या इटलीत हे कार्ड 'गद्दार' म्हणूनही ओळखलं जायचं. तिथे राजद्रोह्यांची आणि कर्जबुडव्यांची बदनामी करायला त्यांना उलटं टांगलेलं भिंतीवर रंगवत. फ्लॉरेन्समध्ये १४४० साली आंद्रेआ देल कास्तान्यो या चित्रकाराने बंडखोरांची अशी चित्रं रंगवली होती. म्हणजे त्या काळच्या पत्त्यावरचा माणूस खरोखर शिक्षा भोगत होता. मार्सेय परंपरेच्या, म्हणजे जुन्या फ्रेंच धाटणीच्या, डेकमध्ये तो डाव्या पायाने टांगलेला असतो आणि दोन्ही बाजूंच्या खोडांच्या फांद्या छाटलेल्या असतात. तुमच्या हातात कोणता डेक आहे, ते आधी बघा. पानं असलेलं झाड आणि छाटलेलं खोड यांचा अर्थ एक कसा असेल?

कार्ड सरळ आलंय की रिव्हर्स्ड, म्हणजे उलटं, हा गोंधळही नेहमीचा. माणूस उलटा दिसला की हात आपोआप कार्ड फिरवतो. रायडर-वेट डेकमध्ये रोमन अंकातला बारा वर आणि नाव खाली असेल, तर कार्ड सरळ आहे. माणसाकडे बघून ठरवू नका. या गोंधळात मोठी माणसंही सापडली आहेत. १७८१ साली फ्रान्सच्या कूर द जेबलँ यांनी तर असं मांडलं, की हा मुळात एका पायावर उभा असलेला माणूस, म्हणजे विवेकाचं रूप, आणि पत्ते छापणाऱ्यांनी तो चुकून उलटा केला!

बारा आकड्यावरून 'बारा वाजले' म्हणणारेही भेटतात. हा फक्त मेजर आर्कानातला, म्हणजे टॅरोच्या मुख्य पत्त्यांतला, क्रमांक आहे. त्यातून बारा महिने किंवा बारा दिवस काढू नका. नाशिककरांना बारा आकडा म्हटलं की सिंहस्थ आठवणं साहजिक आहे. २०१५ नंतर आता २०२७, गुरू राशीचक्र फिरून सिंहेत येईपर्यंत गोदाघाट वाट बघतो. समोरच्याला थांबण्याचा अर्थ उमगावा म्हणून मीही हे उदाहरण देते, पण कार्डाचा उगम त्यात शोधत नाही. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला वर मुळं, खाली फांद्या असलेला अश्वत्थही असाच. तुलना सुंदर आहे, नातं मात्र आपण जोडलेलं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'थांबा' याचा अर्थ 'काही करू नका' असा सांगणं. ती माझ्याकडून झालीय. एका मुलीला नोकरी सोडून पुढचं शिकायचं होतं. हे कार्ड आलं आणि मी म्हटलं, "सध्या शांत बस." ती बसली, आणि प्रवेश अर्जाची मुदत निघून गेली. ते मला अजून लागून राहिलंय.

थांबणं म्हणजे काय ते मला पुढे दिंडोरीच्या एका द्राक्षबागायतदार बाईंनी समजावलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बाग बोडकी दिसते. मग नव्या काड्या येतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडाची जडणघडण सुरू होते. बाहेरून काहीच दिसत नाही. घड दिसतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. "पण त्या दिवसांत आम्ही घरी बसतो का?" त्या म्हणाल्या. "फुटी विरळायच्या, शेंडे मारायचे, पाणी तोलून द्यायचं. तिथे चुकलं तर ऑक्टोबरात घडच निघत नाही."

तेव्हापासून हँग्ड मॅन समोर आला, की दुसरं काही बोलायच्या आधी मी एवढंच विचारते: या कामाची शेवटची तारीख कधी आहे?