गोधडी मधोमध का विरते? अंथरूण-पांघरूण वाळवण्याची रीत

दुरुस्तीला आलेली गोधडी उघडली की मी आधी मध्यावर पाहते. बहुतेकींना तिथे आडवी सरळ रेघ दिसते. रंग उडालेला, धागे विरलेले, कधी तारेच्या गंजाचा तपकिरी डाग. वर्षानुवर्षं त्याच बारीक तारेवर, त्याच घडीवर ओली गोधडी टाकली की सगळा भार त्या एका ओळीवर येतो आणि कडक ऊनही तिथेच सर्वांत जास्त लागतं. काठ शाबूत, टाके भक्कम, आणि गोधडी मधूनच जाते. मी सातारा भागात गोधड्या शिवते आणि दुरुस्तही करते. अंथरूण-पांघरूण किती टिकणार हे धुण्यापेक्षा वाळवण्यावर जास्त ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

घटस्थापनेआधी घरोघरी दसरा काढतात तेव्हा एका दिवसात सगळं धुऊन वाळवायची घाई असते. त्यात परतीचा पाऊस. म्हणून गोधडी सकाळी लवकर धुवा आणि एका दिवसात जेवढ्या नीट पसरता येतील तेवढ्याच भिजवा.

धुतलेली गोधडी दोघांनी धरून पिळू नका. पिळलं की आतले जुन्या साड्यांचे थर सरकतात आणि टाके तटातट तुटतात. घडी घालून उतरत्या फरशीवर ठेवा, पायाने दाबून पाणी काढा, मग बाजेवर टाकून तासभर निथळू द्या. त्यानंतर दोन दोऱ्यांवर घाला. दोऱ्यांमध्ये हातभर अंतर ठेवलं की वजन विभागलं जातं आणि मधून वारा खेळतो. दोरीपेक्षा जाड बांबू चांगला. प्रत्येक वेळी घडीची जागा बदला. पत्र्यावर टाकायचीच असेल तर खाली जुनी चादर अंथरा, कारण पत्रा तापतो आणि गंजही सोडतो.

रंगीत बाजू आत ठेवा. उन्हाने रंग तर उडतोच, पण सुती धागाही हळूहळू कमकुवत होतो. मार्च ते मे सकाळचं ऊन पुरतं, दुपारी सावलीत वारा लागू द्या. ऑक्टोबरात दुपारपर्यंत ठेवली तरी हरकत नाही. दर तासा-दीड तासाने पालटा.

आता सर्वांत महत्त्वाचं. उन्हातली गोधडी हाताला गरम लागते, म्हणून ती वाळली असं वाटतं. तिथेच फसगत होते. ती सावलीत आणा, अर्धा तास निवू द्या, मग चारही कोपरे चिमटीत दाबून गालाला लावून पाहा. काठ दुमडून शिवलेला असतो, कोपऱ्यात थर सर्वांत जास्त असतात, म्हणून ओल तिथे शेवटपर्यंत राहते. ओल असेल तर कोपरा गार लागतो. तसा लागला की पुन्हा बाहेर. आणि ऊन उतरायच्या आत, चारच्या सुमाराला, आत घ्या. थंडीत दव पडायला लागलं की दिवसभराची मेहनत वाया जाते. गरम असताना घडी घालून कपाटात कोंबू नका. आत राहिलेल्या ओलीने कुबट वास येतो, पुढे बुरशीचे काळे ठिपके पडतात. बुरशी सुती कापड खाऊनच वाढते. डाग निघाला तरी तिथला धागा मेलेला असतो, मला ठिगळच लावावं लागतं.

चादरी आणि अभ्र्यांचं सोपं आहे. दोरीवर घालण्याआधी दोघांनी चार कोपरे धरून जोरात झटका, वाळल्यावर पुन्हा एकदा. वारा नसताना वाळलेली चादर कडक होते, कारण धाग्यांमध्ये उरलेलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांना चिकटवून ठेवतं. झटकल्याने ते सुटतात. बोअरचं जड पाणी असेल तर चादर आणखी खरबरीत होते, तेव्हा ती आणखी एकदा पाण्यातून काढा.

ड्रायरमधून चादर मऊ निघते, हे खरं. पण प्रत्येक वेळी जाळीत जो कापसासारखा लगदा साचतो, तो तुमच्या चादरीचाच धागा असतो. कमी उष्णतेवर ठेवा, किंचित दमट असतानाच काढा आणि उरलेली ओल खोलीत दोरीवर जाऊ द्या. चादरीला इलॅस्टिक असेल तर जास्त उष्णतेने ते लवकर सैल पडतं. पुण्याला किंवा परदेशी राहणाऱ्या लेकींना आयांनी दिलेल्या हातशिलाईच्या जुन्या गोधड्या मात्र ड्रायरमध्ये घालूच नका. आतली मऊ झालेली साडी आपटून आपटून फाटते आणि वरून काहीच कळत नाही.

कापसाची गादी धुवायची नसते. तिला कडक ऊन द्या, काठीने धोपटा, उलटी करून पुन्हा धोपटा. घामाची ओल गेली की दबलेला कापूस मोकळा होतो. तरीही गाठी राहिल्या तर पिंजून घ्यायची वेळ झाली. सावरीच्या उशीला हलकं ऊन पुरे, वर पातळ कापड टाका. फोमची गादी उन्हात ठेवू नका, ती पिवळी पडते आणि पुढे भुगा होते. खिडकीशी उभी करून पंखा लावा. घोंगडी ओली टांगली तर ओघळून लांब होते, ती सावलीत बाजेवर आडवी वाळवावी.

पावसाळ्यात गोधडी धुऊ नये, एवढं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. अभ्रे आणि चादरीच धुवा. मशीनमध्ये दोनदा पिळून घ्या, खिडकी उघडी ठेवून पंख्याखाली एकमेकांपासून चार बोटं अंतरावर टांगा, झोपायच्या बंद खोलीत नको. आंबूस वास आलाच तर अत्तर किंवा ऊन पुरणार नाही, पुन्हा गरम पाण्यात धुवावं लागेल. आणि मध्येच उघडीप मिळाली, तासभर जरी ऊन पडलं, तरी घरातल्या सगळ्या कोरड्या गोधड्या आणि उश्या काढून बाहेर टाका. पुन्हा ढग भरून येण्याआधी आत घ्या, निवू द्या, मग घड्या घाला.