हेडफोनचे इअरपॅड घरच्या घरी कसे बदलावेत

हेडफोन काढला की गालावर काळे पोपडे, कॉलरवर बारीक काळा चुरा, आणि कानाभोवतीच्या गादीतून डोकावणारा पिवळट फोम. इतकं झालं की बरेच जण तो हेडफोन बाजूला टाकतात आणि नवा घेतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण आतला ड्रायव्हर (म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर), वायर, डोक्यावरची कमान हे सगळं बहुतेक वेळा ठणठणीत असतं. टायर झिजला म्हणून सायकल कुणी भंगारात देत नाही. इअरपॅडही तसाच झिजणारा आणि बदलायचा भाग आहे. सवय झाली की वीस मिनिटांचं काम. पहिल्या खेपेला तासभर लागला तरी बिघडत नाही.

मी गाण्याच्या बैठकी आणि व्याख्यानांच्या ध्वनिमुद्रणांचं संकलन करते. दिवसातले पाच-सहा तास हेडफोन कानावर असतो, त्यामुळे पॅड बदलायची वेळ बऱ्याचदा आली आहे. काढाघालायची कृती हातात बसते. चुकतं ते त्याआधी, विकत घेताना. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पॅडमुळे आवाज का बदलतो

तुमच्याकडे मागून बंद कपांचा हेडफोन असेल तर एक करून पाहा. तबल्याचं एखादं विलंबित लयीतलं ध्वनिमुद्रण लावा, डग्गा मोकळा वाजतोय असं. आता कानाच्या पाळीखाली बोट घालून पॅड गालापासून पेन्सिलीच्या जाडीइतका उचला. डग्ग्याचा घुमारा जातो आणि कोरडी थाप तेवढी उरते. तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे कडेवरचा 'ना' मात्र जवळपास तसाच ऐकू येतो. बोट काढलं की डग्गा परत जागेवर.

ड्रायव्हरचा पडदा आणि आपला कान यांच्यामधली हवा पॅडने कोंडलेली असते. खालचे स्वर ऐकू येण्यासाठी पडद्याला ही हवा दाबावी आणि सोडावी लागते. फट पडली की दाब तिथून निसटतो आणि बेस पातळ होतो. फाटलेला किंवा एका बाजूने चपटा झालेला पॅड म्हणजे तेच बोट दिवसभर घालून ठेवल्यासारखं आहे. हे इतकं हळूहळू होतं की आपल्याला कळतही नाही. शिवाय फोम बसला की कान ड्रायव्हरवरच्या जाळीला टेकतो, दुखतो, आणि ड्रायव्हरपासूनचं अंतर कमी झाल्यामुळे वरचे स्वरही वेगळे लागतात.

याचा फटका मला नव्या पॅडनेच दिला. एका उन्हाळ्यात घामाला कंटाळून मी बंद हेडफोनला मखमली कापडाचे पॅड बसवले. कानाला इतके सुखद की मी खूश होते. त्याच आठवड्यात एका बैठकीचं संकलन केलं. डग्गा कमी वाटला म्हणून थोडा चढवला. ज्यांच्यासाठी काम केलं होतं त्यांनी घरच्या स्पीकरवर लावलं, तर गायिकेचा मध्य सप्तक डग्ग्याखाली दबलेला. मखमलीतून हवा झिरपते. कमी होता तो माझ्या कानाशी पोचणारा डग्गा. ते सगळं काम मी पुन्हा केलं.

पॅड निवडताना

पहिली गोष्ट, मॉडेलचा पूर्ण क्रमांक. तो कमानीच्या आतल्या बाजूला किंवा कपावर छापलेला असतो. त्या मॉडेलचे कंपनीचे मूळ पॅड मिळत असतील आणि आवाज होता तसा हवा असेल, तर तेच घ्या. माझं मत याबाबतीत ठाम आहे: ज्यांचं काम आवाजाशी आहे त्यांनी आधी मूळ पॅड घालून ऐकावं, प्रयोग नंतर करावेत.

मूळ पॅड मिळत नसतील किंवा परवडत नसतील तर इतर कंपन्यांचे घ्या, पण मोजमाप करून. पट्टीने चार मापं लिहून घ्या: बाहेरची लांबी-रुंदी, आतल्या खळग्याची लांबी-रुंदी, न दाबता जाडी, आणि कपाच्या ज्या कडेवर पॅड बसतो तिची लांबी-रुंदी. जुना पॅड चपटलेला असतो, त्यामुळे त्याच्या जाडीवर विसंबू नका. नवा चार-पाच मिलिमीटर जाड निघणं साहजिक आहे. खळगा आपल्या कानापेक्षा मोठा हवा. कानाची पाळ पॅडखाली दबत असेल तर दोन तासांत डोकं दुखतं.

पृष्ठभाग कशाचा, यावर बरंच अवलंबून आहे. रेक्झिनसारखा दिसणारा कृत्रिम चामड्याचा पॅड हवा चांगली कोंडतो, बेस टिकवतो, पण घाम आणतो. खरं चामडं तेच काम जास्त वर्षं करतं, महाग पडतं. मखमल किंवा जाळीदार कापड हवेशीर, पण बंद हेडफोनमध्ये बेस उतरतो. मागून उघड्या हेडफोनवर मखमल सर्रास असते आणि तिथे ती शोभते, कारण त्यांची घडणच तशी केलेली असते. बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो हा हेडफोन बंद असूनही त्याची ८० आणि २५० ओहमची आवृत्ती मखमली पॅडवर येते, पण तिथे सगळा मेळ त्या पॅडला धरूनच बसवलेला आहे. आपण स्वतः अदलाबदल करतो तेव्हा हा मेळ सुटतो, एवढं लक्षात असू द्या.

बाहेरचा गोंगाट कमी करणारा हेडफोन असेल तर आणखी जपून. अशा बहुतेक हेडफोनांत कपाच्या आतही एक बारीक मायक्रोफोन असतो आणि त्याचं गणित पॅडच्या ठरावीक जाडीवर आणि हवाबंदपणावर बेतलेलं असतं. पॅड वेगळा पडला की गोंगाट पूर्वीइतका दबत नाही.

तुमचा पॅड कसा बसवलेला आहे

हे न बघता ओढाओढ करू नका. मुख्य प्रकार चार-पाचच आहेत.

सर्वांत जास्त दिसतो तो पदर आणि खाच. पॅडच्या मागच्या बाजूला पातळ कापडाचा किंवा रेक्झिनचा पदर शिवलेला असतो, तो कपाच्या कडेखालच्या खाचेत सरकवलेला असतो. सोनी एमडीआर-७५०६, ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स, डीटी ७७० प्रो हे याच जातीचे.

दुसरा प्रकार खटक्यांचा. पॅड प्लॅस्टिकच्या चौकटीवर बसवलेला असतो आणि चौकट कपात खट्कन बसते. सेनहायझर एचडी ६०० आणि एचडी ६५०, तसंच सोनी डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ असे आहेत. एकेजी के७०२ चा पॅड फिरवून निघतो, बरणीच्या झाकणासारखा. ॲपल एअरपॉड्स मॅक्सचा चुंबकाने धरलेला असतो, नुसता ओढला की हातात येतो. काही हेडफोनांचे पॅड गोंदाने चिकटवलेले असतात. तिथे एका कडेपासून सावकाश सोलत यावं लागतं आणि नवे लावायला दुहेरी चिकटपट्टीची कडी लागते.

काढायची कृती

टेबलावर स्वच्छ पांढरा रुमाल अंथरा, पोपडे त्यावर दिसतात. टाचण्या, सुया, सुटे स्क्रू टेबलावरून हलवा. ड्रायव्हरमध्ये जोरदार चुंबक असतो. लोखंडाचा बारीक कण जाळीतून आत गेला की पडद्याला टेकून खरखर करत राहतो आणि तो काढणं फार अवघड. बिनतारी हेडफोन असेल तर बंद करा. मग दोन्ही बाजूंचे जवळून फोटो घ्या. डावा-उजवा कुठला, शिवण कुठल्या बाजूला, जाड भाग पुढे की मागे, हे अर्ध्या तासाने आठवत नाही.

पदराचा पॅड असेल तर बोटांची टोकं पॅडच्या आणि कपाच्या मध्ये घाला आणि पॅड बाहेरच्या दिशेने उलटा दुमडत आणा, उशीचा अभ्रा काढताना कड उलटवतो तसा. एका ठिकाणी पदर सुटला की बाकीचा आपोआप येतो. खटक्यांचा असेल तर चौकट आणि कप यांच्या फटीत जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा किंवा गिटारचं पिक सरकवा आणि एकेक खटका उचलत फिरा. पहिल्या खटक्याला बराच जोर लागतो, तुटतंय की काय असं वाटतं. तरीही स्क्रूड्रायव्हर घेऊ नका. तो निसटला तर थेट जाळीतून पडद्यात जातो. हा पडदा कागदापेक्षाही कितीतरी पातळ असतो, त्याला भोक पडलं की हेडफोन गेला.

पॅड निघाल्यावर आत पातळ फोमची किंवा कापडाची चकती दिसेल. ती कचरा म्हणून फेकू नका. ती धूळ अडवतेच, शिवाय वरचे स्वर किंचित मऊ करते. पुष्कळ नव्या जोडांबरोबर ती येत नाही, जुनीच परत लावायची असते. हात लावला की भुगा होत असेल तर तेवढ्याच जाडीची नवी घ्या.

आता कप पालथा धरून रंगकामाच्या मऊ ब्रशने झाडा, म्हणजे चुरा खाली पडेल. तोंडाने फुंकर मारू नका आणि व्हॅक्यूम क्लीनर तर जवळही आणू नका. खाचेत अडकलेले पोपडे कागदी चिकटपट्टीने टिपून घ्या. गोंदाचे डाग असतील तर कापसाच्या बोळ्याला थोडंसं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून फक्त कड पुसा, जाळीपासून दूर राहून.

बसवताना

खटक्यांचा पॅड सोपा. चौकटीवरच्या खुणा जुळवा आणि अंगठ्यांनी कडेकडेने दाबत जा. जेवढे खटके तेवढे 'खट्' ऐकू आले पाहिजेत.

पदराचा पॅड मात्र पहिल्यांदा रडवतो. खालून सुरुवात करून दोन्ही बाजूंनी वर जावं तर शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर काही केल्या आत जात नाहीत, आणि ओढावं तर सुरुवातीचा भाग सुटतो. यावरची युक्ती अशी. गोल पॅड असेल तर पदराचा तीन-चार सेंटिमीटर भाग खाचेत नीट बसवा, तिथे अंगठा ठेवा, आणि अख्खा पॅड कपावर हळूहळू फिरवा. बसलेला भाग पुढे सरकताना मागचा पदर आपल्यासोबत खाचेत ओढत नेतो. अंड्याच्या आकाराचा असेल तर फिरवता येत नाही. तिथे एक निमुळतं टोक आधी बसवायचं, मग दोन्ही लांब बाजू, आणि शेवटचं टोक कार्डाच्या गोल केलेल्या कोपऱ्याने थोडं थोडं खाचेत ढकलायचं. नवा पदर कडक असेल तर पॅड पाच मिनिटं तळहातात धरून ऊब द्या. हेअर ड्रायर नको, कृत्रिम चामडं त्याने आकसतं.

बसल्यावर कडेवरून बोट फिरवा. कुठे पदर दुमडून गाठ झाली असेल तर तिथून हवा निसटणार, तेवढा भाग पुन्हा काढून बसवा. काही पॅड एका बाजूला जाड असतात. तो जाड भाग कानाच्या मागे जातो.

ऐकून तपासा

मगाशी लावलेलं तबल्याचं ध्वनिमुद्रण पुन्हा लावा. आवाजाची पातळी तीच ठेवा. डग्गा दोन्ही कानांत सारखा भरलेला ऐकू आला पाहिजे. मग एखाद्याच माणसाचं बोलणं लावा, बातम्या चालतील. आवाज बरोबर डोक्याच्या मध्यातून यायला हवा. एका बाजूला झुकला तर त्या कानाकडची नव्हे, बहुधा दुसऱ्या कानाकडची गादी नीट बसलेली नसते. 'स' आणि 'श' बोचायला लागले असतील तर आतली चकती राहिली का ते बघा.

चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासकट तपासावं. काडीखाली फट पडते. मऊ, सावकाश दबणाऱ्या फोममध्ये ती बरीच भरून येते, कडक फोममध्ये येत नाही.

नवे पॅड पहिले काही दिवस ताठ वाटतात आणि जाड असल्याने कमान जास्त आवळते. फोम शरीराच्या उबेने सैल होतो, आठवडाभर वाट पाहा. तरीही आवळत असेल तर रात्री हेडफोन आपल्या डोक्याइतक्या रुंद पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवा, त्याहून जास्त ताणू नका.

पुढची काळजी

कृत्रिम चामड्याचा वरचा थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. ओलसर हवेत पाण्याच्या कणांमुळे त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात, मग तो तडकतो आणि पोपडे सुटतात. घाम आणि केसांचं तेल त्यात भर घालतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हे काम जोरात चालतं. वापर झाल्यावर किंचित ओल्या सुती कापडाने पॅड पुसा, कोरडा करा, आणि हेडफोन मोकळ्या हवेत टांगा. घामेजलेला तसाच बॅगेत कोंबू नका. तेल लावल्या केसांनी हेडफोन घालायचा झाला तर आधी डोक्याला रुमाल बांधा. स्पिरिट, सॅनिटायझर पॅडवर अजिबात नको.

स्वस्त मिळतात म्हणून तीन-चार जोड एकदम घेऊन ठेवायचा मोह होतो. मी ठेवले होते. तीन वर्षांनी कपाटातला न वापरलेला जोड पाकिटातून काढला, तर अंगठ्याखालीच त्याचे पापुद्रे सुटले. ही माती पाकिटातही होते, वापराची वाट बघत नाही. आता मी एकच जोड मागवते, आणि बसवण्याआधी आतल्या पदरावर बॉलपेनने महिना आणि वर्ष लिहिते.